ऑनलाइन 'साइड इन्कम' कोर्सची फी भरण्याआधी: खरा खर्च कसा काढायचा आणि कोणत्या क्रमाने

आधी फी भरायची, मग कोर्स बघायचा, मग धंद्याला किती लागेल ते कळायचं आणि शेवटी हप्ता कुठून भरायचा याची चिंता करायची. बहुतेक लोक याच क्रमाने जातात आणि तिथेच फसतात. एकेक काम चुकीचं नसतं, क्रम उलटा असतो. हिशेब आधी आणि पैसे सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळला तर बरेचसे कोर्स तुम्ही स्वतःहूनच सोडून द्याल. जो एखादा घ्याल, तो डोळे उघडे ठेवून घ्याल.

मी करसल्ल्याचं काम करतो. विवरणपत्र भरायला आलेल्या लोकांच्या बँक स्टेटमेंटमध्ये हे कोर्स मला दिसतात: फी गेलेली, पाठोपाठ दर महिन्याचा हप्ता आणि उत्पन्नाच्या बाजूला काहीच नाही. यात नोकरदार आहेत, कॉलेजची मुलं आहेत, घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बायका आहेत. कष्टाची तयारी सगळ्यांची होती. पैसे देण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारायचे, एवढं फक्त त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात करण्यापूर्वी काय हाताशी हवं

एक वही, मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि किमान सात दिवसांचा अवधी. शिवाय घरातलं किंवा ओळखीतलं एक माणूस, ज्याला या कोर्समध्ये काडीचाही रस नाही. "घरच्यांना आत्ताच सांगू नका, ते निगेटिव्ह बोलतील" असं विकणारा म्हणाला, तर त्या माणसाची गरज दुप्पट वाढली असं समजा.

वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहा: पूर्ण बुडाले तरी घरखर्च, मुलांची फी आणि चालू हप्ते अडणार नाहीत, असे किती रुपये तुमच्याकडे आहेत? हा आकडा वेबिनार बघण्याआधी लिहायचा. बघून झाल्यावर तो आपोआप वाढतो.

टप्पा 1: कोर्स कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

जाहिरात सगळ्यांची सारखीच असते: मोबाइल, लॅपटॉप, घरबसल्या कमाई. आतला माल मात्र वेगवेगळा असतो आणि धोकेही वेगवेगळे.

पहिला प्रकार कौशल्याचा: व्हिडिओ एडिटिंग, टॅली, ग्राफिक डिझाइन, भाषांतर, वेबसाइट बनवणं. कोर्स महाग किंवा सुमार निघाला तरी शिकलेलं थोडंफार हाताशी राहतं.

दुसरा प्रकार धंदा उभारून देण्याचा: ड्रॉपशिपिंग (माल स्वतः न साठवता ऑर्डर आली की पुरवठादाराकडून थेट ग्राहकाला पाठवणं), ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर विक्री, निर्यात. इथे फी हा खर्चाचा लहानसा भाग असतो. खरा पैसा नंतर लागतो.

तिसरा प्रकार 'ॲफिलिएट'चा. कंपनीचे कोर्स विकून कमिशन मिळवा, म्हणून सांगतात. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा कोर्स लोकांना विकणं बंद झालं, तर या शिक्षणाचा वापर करून मी दुसरं काय विकणार? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर तुम्ही शिकायला पैसे देत नाही, माणसं जोडण्याचा परवाना विकत घेताय. माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजना आणि मनी सर्क्युलेशन यांना थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनी मनाई केली आहे. त्याआधी 1978 चा बंदी कायदा आहेच. आणि योजना बुडाली की वरचे लोक हात वर करतात. दारात उभे राहतात ते तुमचे मावसभाऊ आणि शाळेतले मित्र, कारण पैसे त्यांनी तुमच्या शब्दावर भरलेले असतात.

चौथा प्रकार शेअर बाजाराचा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावरचे करार) व्यवहार करणाऱ्या दर 10 वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 9 पेक्षा जास्त जणांचं नुकसान झालं. व्यवहारखर्च धरून हे नुकसान माणशी सरासरी सुमारे 2 लाख रुपये होतं. 'रोज 2,000 रुपये काढा' शिकवणाऱ्याला आधी हा आकडा दाखवा. तो 'शिक्षणा'च्या नावाखाली आज कोणता शेअर घ्यायचा हेही सांगत असेल, तर त्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळा. निव्वळ शिकवणाऱ्यांनी बाजारातले ताजे भाव वापरून शिफारशी करू नयेत, किमान तीन महिने जुनेच भाव वापरावेत, असं सेबीने जानेवारी 2025 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

पाचवा प्रकार म्हणजे काम मिळवण्यासाठी पैसे: डेटा एंट्रीची 'नोंदणी फी', टास्कसाठी 'डिपॉझिट'. हा कोर्सच नाही. इथे पुढचे टप्पे वाचत बसू नका, तो नंबर ब्लॉक करा.

*तपासा:* कोर्स कोणत्या प्रकारात बसतो ते एका वाक्यात लिहिता येतंय का? येत नसेल, तर तुम्हाला तो अजून समजलेला नाही.

टप्पा 2: वेबिनार बघा, पण पैशाची वाट बंद ठेवून

99 रुपयांचा किंवा फुकट वेबिनार बघायला हरकत नाही. मात्र त्या दिवशी काहीही भरायचं नाही, हे आधीच ठरवा. शक्यतो फोनवर बघू नका, कारण यूपीआय तिथेच असतं.

वेबिनार कसा रचलेला असतो ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. पहिला तासभर शिकवणाऱ्याची कहाणी: कर्ज, अपमान, मग गाडी. मधेमधे "समजलं असेल तर चॅटमध्ये येस लिहा". दहा वेळा येस लिहिणाऱ्या माणसाला अकराव्यांदा नाही म्हणणं जड जातं. मग कमाईचे स्क्रीनशॉट. नंतर किंमत: 99,999 वर काट, 49,999 वर काट आणि खाली 'फक्त आज' 29,999. कोपऱ्यात घड्याळ उलटं धावतंय, 'फक्त 17 जागा शिल्लक'. ते पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये नव्याने उघडून बघा. बऱ्याचदा घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अशी खोटी घाई निर्माण करणं ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2023 च्या 'डार्क पॅटर्न' (ग्राहकाला फसवणारी ऑनलाइन मांडणी) मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध प्रथा आहे. म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट जपून ठेवा. पुढे तक्रारीत तोच कामाला येतो.

स्क्रीनशॉटवरचा आकडा विक्रीचा आहे, कमिशनचा की नफ्याचा, हे विचारा. तीन लाखांची विक्री आणि तीन लाखांचा नफा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय ब्राउझरमध्ये वेब पानावरचा कुठलाही आकडा काही सेकंदांत बदलून स्क्रीनशॉट घेता येतो. स्क्रीनशॉट हा पुरावा धरायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी 'काउन्सेलर'चा फोन येतो. तो तुमचा पगार विचारेल, घरची अडचण विचारेल आणि मग तीच अडचण तुमच्यापुढे ठेवेल: "मुलीच्या शिक्षणासाठी एवढंही करणार नाही का?" अशा वेळी एकच वाक्य बोला: "सगळी माहिती ईमेलवर पाठवा, सात दिवसांनी कळवतो." लेखी द्यायला जो कचरतो त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही.

*सावध:* '999 रुपये टोकन भरून जागा पकडा' हा सापळा आहे. टोकन परत मिळत नाही आणि ते वाया जाऊ नये म्हणून माणूस उरलेले हजारो भरतो.

टप्पा 3: विकणारा कोण आहे ते शोधा

याला फार तर अर्धा तास लागतो.

पैसे कोणाच्या नावावर जाणार ते विचारा. कंपनीचं नाव सांगितलं असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर त्या कंपनीची नोंद आणि स्थापनेची तारीख बघता येते. 'दहा वर्षांचा अनुभव' आणि मागच्या वर्षीची नोंदणी, असा मेळ दिसला तर कारण विचारा. जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटी पोर्टलवर टाकून बघा: नाव जुळतंय का, नोंदणी चालू आहे की रद्द झालीय? फीवर 18 टक्के जीएसटी घेणाऱ्याकडे चालू क्रमांक हवाच. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर एखाद्या व्यक्तीचं वैयक्तिक नाव आलं, तर थांबा.

'शासनमान्य' या शब्दाला भुलू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट असते आणि माणूस स्वतःच माहिती भरून ती घेतो. कोर्सचा दर्जा सरकारने तपासला, असा तिचा अर्थ होत नाही. स्टार्टअपची मान्यता आणि आयएसओ प्रमाणपत्र यांचंही तेच. अशोकस्तंभ किंवा सरकारी योजनेचा लोगो लावलेलं प्रमाणपत्र दाखवलं, तर ते नेमकं कोणत्या खात्याने दिलं ते विचारा आणि त्या खात्याच्या संकेतस्थळावर शोधा.

जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, पण कंपनीने दिलेल्या नंबरांवर नाही. लिंक्डइनवर त्या कोर्सचं नाव टाकून माणसं शोधा आणि विचारा: फी सोडून आणखी किती खर्च झाला? पहिली कमाई कधी आली? तुम्हाला हा कोर्स विकून कमिशन मिळतं का? तिसरा प्रश्न विसरू नका. कोर्सची स्तुती करणारे पुष्कळ व्हिडिओ कमिशनसाठीच केलेले असतात.

*तपासा:* मागच्या बॅचमध्ये किती जण होते आणि त्यांपैकी किती जणांना सहा महिन्यांत कमाई सुरू झाली, हे ईमेलवर विचारा. उत्तर आलंच नाही, तर तेही उत्तरच आहे.

टप्पा 4: पूर्ण खर्च वहीत मांडा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका हाच गाळतात. वहीत खालच्या क्रमाने लिहा.

*फी आणि कर.* पानावर 29,999 लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'अधिक जीएसटी'. म्हणजे सुमारे 35,400 रुपये. कर धरून किती, ते विचारा.

*वरचे प्लॅन.* मूळ कोर्समध्ये तोंडओळख मिळते आणि कामाचं 'ॲडव्हान्स'मध्ये असतं. त्यानंतर 'मेंटॉरशिप', मग 'इनर सर्कल'. आत गेल्यावर एकूण किती पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीची किंमत काय, हे आधीच लेखी मागा.

*साधनं.* डोमेन, होस्टिंग, ऑनलाइन दुकानाचं मासिक भाडं, डिझाइनचं सॉफ्टवेअर, व्हॉट्सॲप संदेश पाठवायची सेवा. यांतल्या बऱ्याच गोष्टींचं पहिलं वर्ष स्वस्त असतं आणि नूतनीकरण महाग. वहीत नूतनीकरणाचा दर लिहा. डॉलरमध्ये पैसे कापले जाणार असतील, तर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्कही धरा.

*जाहिरात आणि माल.* इथे खरा पैसा जातो. एक उदाहरण घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. इन्स्टाग्रामवर जाहिरात करून कुर्ता विकायचा. विक्रीची किंमत 599, खरेदी 250. कोर्समध्ये हिशेब असा शिकवतात: दर नगामागे 349 सुटले, 100 ऑर्डर म्हणजे 34,900 नफा.

आता खरा हिशेब. ग्राहक बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरी मागतात. पाठवलेल्या 100 पार्सलांपैकी 25 परत आली असं धरा: दार बंद, फोन बंद, 'आता नको'. पैसे आले 75 नगांचे: 44,925. विकलेल्या मालाची खरेदी 18,750. परत आलेल्यांपैकी 5 नग डागाळले, फाटले, ते 1,250. पॅकिंग शंभरही पार्सलांचं, 15 रुपयांनी 1,500. कुरिअर शंभरही पार्सलांचं, 75 रुपयांनी 7,500. परतीचं कुरिअर 25 पार्सलांचं, 65 रुपयांनी 1,625. जाहिरात ऑर्डरमागे 120, म्हणजे 12,000. एकूण खर्च 42,625. हातात राहिले 2,300.

34,900 चे 2,300 झाले आणि यात जीएसटी, दुकानाचं भाडं आणि तुमचे कष्ट धरलेलेच नाहीत. शिवाय सुरुवातीच्या जाहिरातींत ऑर्डरमागे 120 नाही, 300 सुद्धा जाऊ शकतात, कारण कोणती जाहिरात चालते हे शोधण्यातच पैसे जळतात. म्हणून 'जाहिरातीला किती लागेल' याऐवजी 'काहीही न विकता जाहिरातीवर किती घालवू शकतो' हा आकडा लिहा.

*कायदेशीर बाबी.* महाराष्ट्राबाहेर माल विकायचा असेल, तर हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडता पहिल्या विक्रीपासूनच जीएसटी नोंदणी लागते. उलाढालीची मर्यादा तिथे कामाला येत नाही. आणि एकदा नोंदणी घेतली की महिन्यात एक रुपयाची विक्री झाली नसली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. शून्याच्या विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये, प्रत्येक विवरणपत्रामागे 500 रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागतं. धंदा चार महिन्यांत गुंडाळायचा आणि नोंदणी रद्द करायला विसरायचं, हे मी वारंवार बघतो. मग दोन वर्षांनी नोटीस आणि साठलेलं शुल्क. सीएची किंवा करसल्लागाराची मासिक फीही वहीत लिहा. ॲफिलिएट कमिशनवर कर कापला गेला असेल तर ती रक्कम आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. विवरणपत्रात न दाखवता ती दडत नाही.

*नोकरीची अट.* राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना नागरी सेवा वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार-धंदा करता येत नाही. खाजगी नोकरीतही नेमणूकपत्रात असं कलम असू शकतं. 'बायकोच्या नावावर करा' हा सल्ला कोर्समध्ये सर्रास देतात, पण मग जीएसटीची, कराची आणि कर्जाची जबाबदारीही तिच्याच नावावर येते, हे तिला नीट समजावून सांगा.

*वेळ.* 'रोज एक तास पुरे' म्हणतात. ग्राहकाचे फोन, परतावे, व्हिडिओ, हिशेब हे सगळं धरून आठवड्याचे तास लिहा आणि अपेक्षित कमाईला त्याने भागा. तासाला 40 रुपये पडत असतील, तर त्याच वेळात शेजारच्या चार मुलांची शिकवणी घेणं परवडेल.

*तपासा:* सहा महिन्यांचा एकूण आकडा काढा, त्यात कमाई शून्य धरा आणि वहीच्या पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. खर्चाचा आकडा मोठा असेल, तर इथेच थांबा. पुढचे टप्पे तुमच्यासाठी नाहीत, निदान या वर्षी तरी.

टप्पा 5: फी न भरता महिनाभर काम करून बघा

कोर्सच्या जाहिरातीत विषयांची यादी दिलेली असते. ती उतरवून घ्या आणि एकेक विषय मराठी-हिंदीत यूट्यूबवर शोधा. बहुतेक गोष्टी सापडतील. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. ग्रामीण भागातल्या तरुणांसाठी बँकांनी चालवलेल्या आरसेटी संस्था आहेत. तिथलं स्वयंरोजगाराचं प्रशिक्षण मोफत असतं आणि राहण्या-जेवण्याची सोयही होते. उद्योग सुरू करायचा असेल, तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या जिल्हा कार्यालयात एक चक्कर मारा.

पण नुसतं बघू नका, एक काम पूर्ण करा. एडिटिंग शिकायचं असेल, तर ओळखीच्या डबेवाल्या काकूंसाठी दोन रील करून द्या आणि 500 रुपये मागा. विक्री करायची असेल, तर दहा नग आणून सोसायटीच्या ग्रुपवर विका. पैसे मागणं, नकार ऐकणं, वेळेत माल देणं हे कोणताही व्हिडिओ शिकवत नाही, आणि जोडधंदा अडतो तो इथेच. महिनाभर करूनही मन लागत असेल आणि नेमकं कुठे अडतंय हे कळलं असेल, तर आता कोर्सचा विचार करा. तेव्हा तुम्हाला 'कमाई'चा नाही, ठरावीक अडचण सोडवणारा कोर्स शोधता येईल. तो बहुधा स्वस्तही असतो.

टप्पा 6: रिफंडची अट शब्दाशब्दाने वाचा

'100 टक्के मनी बॅक गॅरंटी' हे जाहिरातीतलं वाक्य आणि अटींच्या पानावरचं वाक्य शेजारी ठेवा. अटींमध्ये बहुतेकदा असं काहीतरी निघतं: सगळे व्हिडिओ पूर्ण बघितलेले हवेत, सगळे गृहपाठ जमा हवेत, सगळ्या लाइव्ह सत्रांना हजेरी हवी, आणि अर्ज मात्र सात दिवसांत. कोर्स तीन महिन्यांचा आणि रिफंडची मुदत सात दिवसांची असेल, तर ती हमी कागदावरच राहते.

ईमेलवर तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: मुदत कोणत्या तारखेपासून मोजणार, कर आणि प्रोसेसिंग फीसकट परतावा मिळणार का, आणि फी कर्जातून भरली असेल तर ते कर्ज कोण बंद करणार. फोनवर 'हो सर, नक्की' म्हणणाऱ्याचं नाव महिन्याभरात बदललेलं असतं.

*सावध:* 'नोकरीची हमी' आणि 'नोकरीसाठी साहाय्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहाय्य म्हणजे कधीकधी रिकाम्या जागांची लिंक पाठवणं एवढंच.

टप्पा 7: हप्ता म्हणजे कर्ज, हे समजून मगच आधार ओटीपी द्या

'महिन्याला फक्त 3,000' असं म्हणून जे देतात, ते बहुतेकदा एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. काउन्सेलर फोन चालू ठेवूनच लिंक पाठवतो: पॅन टाका, आधारचा ओटीपी टाका, सेल्फी काढा, बँकेचं मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) मान्य करा. पाच-दहा मिनिटांत कर्ज मंजूर होतं आणि पैसे थेट कोर्सवाल्याकडे जातात. तुम्हाला वाटतं, कोर्सची फॉर्मॅलिटी झाली.

याचा परिणाम असा की कोर्स बंद पडला, शिकवणारा गायब झाला, तरी वित्तसंस्था तुमच्याकडेच हप्ता मागते. तुमचा करार तिच्याशी आहे. हप्ता चुकला की सिबिलसारख्या, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे नोंद जाते आणि पुढे घराच्या कर्जाच्या वेळी ती आडवी येते.

'नो-कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याज नसतं, असं समजू नका. ते शोधायला एकच प्रश्न पुरतो: "एकरकमी भरले तर किती?" समजा हप्त्यांनी 12 महिने 3,000 म्हणजे 36,000 आणि एकरकमी 32,400. मधले 3,600 हेच व्याज. रक्कम दर महिन्याला कमी होत जाते हे धरलं, तर हा दर वर्षाला जवळपास 20 टक्के पडतो. क्रेडिट कार्डावरच्या नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाएवढी सूट मिळाली, तरी त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बँकेचं प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येतं.

तरीही हप्ता घ्यायचाच असेल, तर हा क्रम पाळा:

1. कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव विचारा आणि ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते बघा. ॲपचं नाव आणि कर्ज देणाऱ्याचं नाव वेगळं असू शकतं.
2. मान्यता देण्यापूर्वी मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, मागा. ते देणं बंधनकारक आहे. त्यातला वार्षिक टक्केवारी दर (व्याज आणि शुल्कं मिळून वर्षाला पडणारा दर), सगळी शुल्कं आणि हप्ता चुकल्यावरचा दंड वाचा.
3. त्यातच 'कूलिंग ऑफ' मुदत लिहिलेली असते. डिजिटल कर्जात ती किमान एक दिवस द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंड न देता कर्जातून बाहेर पडता येतं. मात्र प्रक्रिया शुल्क कापून घेतलं जाऊ शकतं.
4. ओटीपी स्वतःच्या हाताने, फोन ठेवून, वाचून टाका. कोणी स्क्रीन शेअर करायला सांगितली, तर सगळंच बंद करा.

*सावध:* कोर्सवर राग म्हणून मॅन्डेट रद्द करून किंवा खातं रिकामं ठेवून बसू नका. खात्यात पैसे नसल्याने मॅन्डेट परतलं, तर बँकेचं शुल्क, वित्तसंस्थेचा दंड आणि वर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली कारवाईचीही तरतूद आहे. आधी वित्तसंस्थेला लेखी तक्रार द्या.

सोनं गहाण ठेवून किंवा मुदत ठेव मोडून फी भरू नका. या एका बाबतीत मी कोणाचंही 'पण' ऐकून घेत नाही.

टप्पा 8: पैसे भरले, आता पहिला आठवडा

त्याच दिवशी पावती, जीएसटी बिल, अटींचं पान, विक्रीचं पान आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं एका फोल्डरमध्ये साठवा. अटींचं पान पुढे बदललं जाऊ शकतं, म्हणून पीडीएफच ठेवा. रिफंडच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा गजर लावा.

पहिल्या तीन दिवसांत कोर्सचा मधला आणि शेवटचा भाग उघडून बघा. सुरुवातीचे व्हिडिओ सगळेच चांगले करतात. पुढचे भाग 'लवकरच येत आहेत' असतील, किंवा तेच यूट्यूबवर फुकट असतील, तर रिफंडचा अर्ज तेव्हाच करा.

बोनसच्या बदल्यात पहिल्याच आठवड्यात 'मी समाधानी आहे' असा व्हिडिओ मागतात. देऊ नका. पुढे तुम्ही तक्रार केलीत, तर हाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध दाखवला जाईल, आणि तोवर तो बघून आणखी कोणीतरी पैसे भरलेले असतील.

टप्पा 9: पैसे अडकले तर

क्रम इथेही महत्त्वाचा. सोशल मीडियावर शिव्या देण्याने सुरुवात केलीत, तर समोरचा बदनामीची धमकी देतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आधी कंपनीला ईमेल करा: काय कबूल केलं होतं, काय मिळालं, किती रुपये परत हवेत आणि 15 दिवसांची मुदत. ग्रुपवर न लिहिता ईमेलच करा, कारण ग्रुपमधून काढून टाकलं की पुरावा गेला. कार्डाने पैसे भरले असतील, तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून हे लगेच करा. कर्ज असेल, तर त्याच ईमेलची प्रत वित्तसंस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते.

कंपनी ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: 1915. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. कंपनी दुसऱ्या राज्यातली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही आणि वकील लावणंही सक्तीचं नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत यायला हवं.

कोर्स मुळात नव्हताच, पैसे घेऊन नंबर बंद झाला, अशी उघड फसवणूक असेल, तर ईमेलची वाट बघत बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: "तुमचा रिफंड मंजूर झालाय, फक्त 18 टक्के टॅक्स आधी भरा." बोलणारा स्वतःला आयोगाचा, सायबर सेलचा किंवा वकील म्हणवतो, आणि तुमची रक्कम, कोर्सचं नाव सगळं त्याला ठाऊक असतं, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. रिफंड मिळवायला आगाऊ पैसे कुठेच भरावे लागत नाहीत. तो नंबर टिपून घ्या आणि आधीच्या तक्रारीत जोडा.